निवांत डायनासोर कसा रंगवावा: सांगली-साताऱ्याच्या नवशिक्या चित्रकारांसाठी

भिलवडी-औदुंबरच्या बाजूला थंडीच्या दिवसांत कृष्णेच्या काठावर मगरी ऊन खायला बाहेर येतात. त्याच काठावर थोडं अंतर राखून बगळे पाण्यात उभे असतात. डायनासोरचं चित्र काढायला शिकणाऱ्या सांगलीकराला ही मोठी सोय घराजवळच मिळालेली आहे. मगरी आणि पक्षी हे डायनासोरांचे आज हयात असलेले सर्वांत जवळचे नातलग. पक्षी तर डायनासोरांच्याच एका शाखेचे वंशज. या गोतावळ्यात मगर एका टोकाला, पक्षी दुसऱ्या टोकाला आणि नामशेष डायनासोर मध्ये. जी सवय दोन्ही टोकांना दिसते ती मधल्यांतही असावी, असा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. चित्रकारालाही तोच धागा धरून चालता येतं.

या लेखात शिकार आणि झुंज येणार नाही. रानातलं कुठलंही जनावर दिवसाचा बहुतेक वेळ चरण्यात, पाणी शोधण्यात, अंग खाजवण्यात आणि सावलीला बसण्यात घालवतं. सागरेश्वरच्या अभयारण्यात जाऊन तासभर थांबा. सांबर तुम्हाला पळताना क्वचितच दिसेल, नुसतं उभं असलेलं मात्र नक्की दिसेल. डायनासोर हा एक खराखुरा प्राणी होता हे ज्या चित्राकडे पाहून पटतं, ते चित्र मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यासाठी रक्ताळलेला जबडा लागत नाही. पाय मुडपून, डोळे अर्धे मिटून बसलेलं एक दमलेलं जनावर पुरतं.

साहित्याचं फार मनावर घेऊ नका. कार्ट्रिज कागदाची वही, २बी आणि ६बी पेन्सिल, जलरंग किंवा पोस्टर कलर एवढ्यावर सुरुवात होते. मोबाइलवर किंवा टॅबवर काढत असाल तरी पुढचं सगळं तसंच लागू आहे.

आधी प्राणी आणि मुलूख ठरवा

माझा आग्रह असा की सुरुवात भारतातल्या डायनासोरांपासून करा. जगभर त्यांची चित्रं कमी निघाली आहेत आणि त्यांचा मुलूख समजून घ्यायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. जबलपूरला १८२८ साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला मोठ्या प्राण्याची हाडं सापडली, आणि पुढे मध्य भारतातले लॅमेटा नावाचे खडक डायनासोरांसाठी ओळखले जाऊ लागले. याच खडकांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर इसिसॉरस मिळाला: लांब मानेचा, झाडपाला खाणारा, पुढचे पाय चांगलेच लांब असलेला. गुजरातेत बालासिनोरजवळच्या राहिओलीला राजासॉरस मिळाला: मांसाहारी, डोक्यावर बुटकं शिंग असलेला. त्याचं नामकरण २००३ साली झालं. नवशिक्याने या दोघांपैकी एक निवडावा.

आपल्याच जिल्ह्यात हाडं सापडतील अशी आशा मात्र धरू नका. सातारा-सांगलीचा काळा पाषाण हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. अजिंक्यताऱ्याच्या किंवा यवतेश्वर घाटाच्या कड्यांत त्याचे थरांवर थर दिसतात. त्यामुळे कासच्या पठारावर फुलांच्या गालिच्यात उभा राजासॉरस कितीही देखणा वाटला तरी काढू नका. ते पठार, वरचा जांभा आणि ती फुलं हे सगळं डायनासोरांनंतरचं आहे.

मग पाहा, आणि पाहत राहा

ही पायरी नवशिके सर्वांत लवकर उरकतात आणि तिथेच चित्र पडतं. महिनाभर डायनासोर काढूच नका. कोंबड्या काढा.

उकिरड्यावर चरणारी गावठी कोंबडी नीट पाहा. ती एका पायाने माती मागे फेकते, एक पाऊल मागे सरकते आणि मान वाकडी करून एकाच डोळ्याने खाली बघते. समोरचं दोन्ही डोळ्यांनी रोखून बघणं ही माणसाची आणि वाघाची रीत. चित्रात प्रत्येक डायनासोर आपल्याकडे टक लावून बघत असला की तो खोटा वाटतो, त्याचं एक कारण हे आहे. ती आळस कशी देते ते बघा: एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम मागे ताणते. दुपारच्या उन्हात चोच उघडून धापते आणि पंख अंगापासून जरा सुटे धरते. धुळीत लोळते तेव्हा एका कुशीवर कलंडून पायाने माती अंगावर उडवते. खुडूक झालेली कोंबडी पिसं फुगवून अशी पसरते की तिचा आकारच बदलतो. पाणी पिताना चोच बुडवून मान वर करते आणि घोट आत सोडते. कबुतर तसं करत नाही. ते चोच पाण्यात ठेवूनच ओढून घेतं. असले फरक वहीत टिपून ठेवा, पुढे कामाला येतात.

काढताना आधी पाठीची एक रेघ, मग मान, मग पायांचे कोन, एवढंच. पिसं नकोत, डोळा नको. कोंबडी थांबत नाही म्हणून रेघ लवकर ओढायची सवय लागते, आणि रेघ लवकर ओढली की हालचाल पकडली जाते. मोबाइलवर चित्रफीत काढून हळू गतीने बघण्यात काही गैर नाही.

कोंबडीकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलायची नाही: मांडी. पक्ष्याला लांब, जड शेपूट उरलेलं नाही. म्हणून तोल सांभाळायला तो मांडी जवळजवळ आडवी धरतो आणि गुडघ्यापासून खालचा पाय हलवतो. राजासॉरससारख्या प्राण्याला मागे वजनदार शेपूट होतं, त्यामुळे त्याचा पाय खुब्यापासून झुलायचा. २०१४ साली काही संशोधकांनी कोंबड्यांना लहानपणापासून मागे कृत्रिम शेपूट बांधून वाढवलं, तर त्यांची मांडी जास्त उभी राहायला लागली आणि चाल बदलली. तुमच्या वहीतल्या कोंबडीला मागे जाडसर शेपूट जोडा, मांडी त्या मानाने उभी करा, की डायनासोरची चाल निम्मी साधली.

मगरीकडून घ्यायचं ते वेगळं. वजन जमिनीवर टेकलं की पोट कसं पसरतं, मान वळली की कातडीला कुठे घड्या पडतात, पाठीवरचे मोठे खवले कुशीवर येता येता कसे लहान होत जातात, वाळलेला चिखल कुठे चिकटून राहतो, हे सगळं तिच्या अंगावर वाचता येतं. जबडा उघडा ठेवून ती कितीतरी वेळ स्वस्थ पडून राहते. उघडा जबडा म्हणजे राग हे समीकरण तिथेच मोडतं. कृष्णेच्या मगरींनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. तेव्हा पुलावरून किंवा समोरच्या काठावरून, दुर्बिणीनेच बघा. पाण्याच्या कडेला बैठक मारून स्केच करणं नको.

गोठ्याचा मोह आवरा. म्हैस, बैल, कुत्रा रोज डोळ्यांसमोर असतात म्हणून हात आपोआप त्यांच्याकडे वळतो. पण डायनासोरला कानाची पाळी नव्हती. इसिसॉरसच्या कुळातले प्राणी पाला ओरबाडून गिळायचे, म्हणून जबडा आडवा फिरवत रवंथ करणारा डायनासोर चुकीचा. अनेक डायनासोरांची जीभ मगरीसारखी तोंडाच्या तळाला जखडलेली असावी असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. गाय वासराला चाटते तसं चाटणं आणि बाहेर लोंबणारी जीभ, दोन्ही त्यामुळे बाद होतात. कुत्र्यासारखं पुढचे पाय टेकून बसणंही तसंच बाद.

कोणती सवय रंगवायची, तिला आधार काय

मी माझ्या वहीत सवयींचे तीन कप्पे करतो. पहिल्यात दगडातच पुरावा असलेल्या, दुसऱ्यात मगर आणि पक्षी दोघांत दिसणाऱ्या, तिसऱ्यात निव्वळ कल्पनेच्या पण शरीराला शक्य असलेल्या. नवशिक्याने पहिल्या कप्प्यातून सुरुवात करावी, कारण तो वाटतो त्यापेक्षा भरलेला आहे.

झोपेचंच घ्या. चीनच्या लिआओनिंग प्रांतातला मेई लाँग हा छोटा डायनासोर २००४ साली जगासमोर आला. तो पाय पोटाखाली मुडपून, मान वळवून, डोकं हाताच्या कुशीत खुपसून झोपलेल्या अवस्थेतच गाडला गेला होता. रात्री खुराड्यात डोकावलात तर हीच बैठक दिसेल. बसण्याचा पुरावा अमेरिकेत युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज इथे आहे. एक मांसाहारी डायनासोर ओल्या मातीवर बसला, जरा पुढे सरकला, उठला आणि चालू लागला, आणि हे सगळं ठशांत राहिलं. पावलं, बुडाचा टेकलेला भाग आणि हातांच्या कडा, सगळ्यांचे ठसे आहेत. २००९ साली त्याचा अभ्यास छापून आला. तळहात जमिनीकडे नसून एकमेकांकडे वळलेले होते, हे त्या ठशांवरून नीट कळतं. कुठल्या तरी जनावराने कोट्यवधी वर्षांपूर्वी घेतलेली चार क्षणांची विश्रांती आपल्यापर्यंत पोचावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तुमच्या पहिल्या चित्रासाठी हाच विषय घ्या.

अमेरिकेतच कोलोरॅडोमध्ये खडकावर मोठमोठे ओरखडे मिळाले. काहींची लांबी दोन मीटरच्या घरात आहे. जमिनीवर घरटी करणारे काही पक्षी जोडीदारासमोर माती उकरून दाखवतात, तसाच हा प्रकार असावा असं २०१६ साली संशोधकांनी मांडलं. टिटवी शेतात अंड्यांसाठी खळगा कसा करते ते पाहिलं असेल तर हे चित्र डोळ्यांसमोर यायला वेळ लागणार नाही.

आपल्या देशातला सर्वांत जिवंत प्रसंग गुजरातच्या ढोली डुंगरीचा. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटर लांबीचा सनाजे नावाचा साप आणि शेजारी अर्ध्या मीटरचं, नुकतंच बाहेर आलेलं लांब मानेच्या डायनासोरचं पिल्लू, असं ते जीवाश्म २०१० साली प्रसिद्ध झालं. हा प्रसंग रंगवायचा असेल तर साप झेपावताना काढू नका. घरट्याच्या मातीशी डोळे नेऊन, गोल अंडी पुढ्यात ठेवून, तो सावकाश वळसा घेतोय एवढंच काढा.

पहिला कप्पा दुसऱ्यावर मात करतो हे मात्र विसरायचं नाही. सुसरी-मगरी घरट्याची राखण करतात, पक्षी अंडी उबवतात. म्हणजे इसिसॉरसच्या कुळातली आईही अंड्यांपाशी बसत असणार असं कुणालाही वाटेल. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात अशा डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, तो अभ्यास २०२३ साली आला. घरटी इतकी खेटून आहेत की एवढं अवाढव्य जनावर त्यांच्यामधून वावरलं तर अंडी चिरडायची. मादी अंडी पुरून निघून जात असावी, असाच निष्कर्ष निघाला. उलट मंगोलियातला सितिपती हा पिसांचा डायनासोर अंड्यांवर हात पसरून बसलेल्या स्थितीत सापडला. त्याच्या कुळातला ओविरॅप्टर अंड्यांजवळ सापडला म्हणून १९२४ साली त्याला अंडीचोर ठरवलं गेलं होतं. पुढे १९९० च्या दशकात तशाच अंड्यात त्याच कुळाचं भ्रूण मिळालं तेव्हा तो डाग पुसला गेला. म्हणून ममता रंगवायची असेल तर सितिपती निवडा; इसिसॉरसच्या माथी ती मारू नका.

तिसऱ्या कप्प्यात धाडस करा, पण शरीर विचारात घेऊन. चरणाऱ्या म्हशीच्या पायांशी गायबगळे किडे टिपत फिरतात, तसे तेव्हाचे लहान पक्षी इसिसॉरसच्या पायांत फिरत असतील असं मला वाटतं. पुरावा नाही, पण अशक्यही काही नाही. मागच्या पायाने मान खाजवणारा राजासॉरस, झाडाच्या बुंध्याला कूस घासणारा इसिसॉरस, पहिल्या पावसात नुसता उभा राहिलेला कळप, हे सगळं इथे बसतं.

हाडांवरून शरीर

निवडलेल्या प्राण्याचा सांगाडा बाजूने दाखवणारी, शास्त्रज्ञांनी तपासलेली आकृती मिळवा. ती आकृती ज्याने बनवली त्याचं नाव टिपून ठेवा. आधी तीच बैठक न बदलता काढून हात बसवा, मग सांधे तुमच्या प्रसंगाप्रमाणे वळवा. शेपूट जमिनीवर फरफटत नव्हतं; चालीच्या ठशांमागे त्याची रेघ सहसा मिळत नाही. बसलेल्या मांसाहारी प्राण्याचं वजन पावलांवर आणि कंबरेखाली पुढे आलेल्या हाडाच्या टोकावर येतं, मांडी ठोकून बसल्यासारखं नाही. राजासॉरसच्या कुळाचे हात अगदीच खुजे, खाजवायला निरुपयोगी. इसिसॉरसच्या गटाच्या पुढच्या पावलाला हत्तीसारखी नखं काढायची नाहीत. पंजाची हाडं खांबासारखी उभी असायची आणि ठसा नालाच्या आकाराचा उमटायचा. मांसाहारी डायनासोरांचे दात ओठांसारख्या कातडीने झाकलेले असावेत असं २०२३ च्या अभ्यासात मांडलं गेलं. निवांत प्राण्याचं तोंड मिटलेलं काढायला हे उत्तम कारण आहे.

हाडांवर मांस चढवताना हात आखडू नका. कवटीची छिद्रं आणि बरगड्या दिसणारा प्राणी म्हणजे दुष्काळातलं जनावर. मानेला, शेपटाच्या बुडाला भरपूर स्नायू आणि चरबी द्या.

प्रत्यक्ष सांगाडा बघायचा असेल तर हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात लांब मानेचा कोटासॉरस उभा आहे. एकदा त्याच्या पायांशी उभं राहून मान वर करा, आकाराचा अंदाज कायमचा बसतो.

यानंतर शाडूची मूर्ती. हे आपल्याकडे सहज जमतं, कारण गणपतीच्या आधी गावोगावच्या मूर्तिकारांकडे माती असते आणि मागितली तर ते थोडी देतात. आत तारेचा सांगाडा घालून वीतभर प्राणी तुमच्या ठरलेल्या बैठकीत घडवा. खवले कोरत बसू नका, मोठे आकार पुरेत. मग ती अंगणात सकाळी, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला ठेवून सावल्या काढा. मानेची सावली खांद्यावर कुठे पडते, पोटाखाली जमिनीचा परतलेला उजेड कसा येतो, हे डोक्याने ठरवायला गेलात तर हमखास चुकतं. उजेडाची समज वाढवायला औंधला जाऊन या. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. आकृती जमिनीवर टेकते तिथली सावली त्या चित्रांत जवळून न्याहाळा.

माणदेशातून मुलूख उचला

लॅमेटा खडक तयार झाले तो प्रदेश बऱ्याच अंशी निमकोरडा होता: हंगामी पाऊस, उथळ नद्या, दलदलीचे पट्टे, चुनखडी धरलेली माती. अशी जमीन बघायला माण, खटाव, आटपाडी, जतकडे चला. एप्रिलमधला आटलेला ओढा, भेगाळलेला गाळ, धुरळ्यातून येणारा पांढुरका उजेड, क्षितिजाची कंप पावणारी कडा हे सगळं रंगांत टिपून ठेवा. बाभळी मात्र चित्रातून काढून टाका. त्यांच्या जागी पाम, सूचिपर्णी झाडं आणि नेचे आणा. गवताबद्दल एक सुंदर गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळालेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म अंश असल्याचं २००५ साली जाहीर झालं. म्हणजे भारतातल्या चित्रात इथे-तिथे गवताचे झुबके चालतील. कुरणं मात्र नकोत, ती फार नंतरची.

चौकट आखताना वन्यजीव छायाचित्रकार होऊन विचार करा. तुम्ही कुठे लपला आहात? प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवर की टेकाडावर? पुढे आडवी आलेली, धूसर फांदी चालेल. प्राणी अर्धा झाडाआड गेलेला चालेल, कळपातलं एखादं चौकटीबाहेर कापलं गेलेलं तर फारच छान. प्राण्याला तुमची चाहूल नाही, हे दिसलं पाहिजे.

रंगाला घाबरू नका. काही डायनासोरांचे रंग खरोखर कळले आहेत: सिनोसॉरोप्टेरिक्स तांबूस आणि शेपटावर पट्टे असलेला (२०१०), सिटाकोसॉरस वरून गडद, पोटाला फिका (२०१६). साडेपाच मीटरचा, चिलखती बोरिअलोपेल्टासुद्धा वरून तांबूस, खालून फिका निघाला (२०१७), म्हणजे एवढ्या मोठ्या प्राण्यालाही लपण्याची गरज होती. पाठ गडद, पोट फिकं हा नियम म्हणूनच भरवशाचा. राजासॉरसला पिसं देऊ नका, कारण त्याच्या कुळातल्या अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसच्या कातडीचे ठसे खवल्यांचे आहेत. भडक रंग शिंगाभोवती, गळ्याशी, थोड्याच जागेत ठेवा. मोराचा झगमगाट सगळ्या अंगावर पसरवला की नजर ठरत नाही.

चित्र झालं की त्याखाली दोन-तीन ओळी लिहा. कुठला प्राणी, कुठला मुलूख, कशाला पुरावा आहे आणि कुठे तुमची कल्पना आहे. सांगाड्याची आकृती कुणाची वापरली तेही त्यात येऊ द्या. उदाहरणार्थ: "राजासॉरस, गुजरात, सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वी. बसण्याची पद्धत युटातल्या ठशांवरून, खवले कार्नोटॉरसवरून, जमीन आटपाडीच्या ओढ्यावरून. अंगावरचे पट्टे आणि पाठीवर बसलेले पक्षी माझ्या कल्पनेतले."